रुई आणि हळदीकुंकवावरचा पिवळा मावा : औषध मारू नका

रुई आणि हळदीकुंकू ही झाडं बरेच जण फुलपाखरांच्या अळ्यांना खाद्य म्हणून लावतात, आणि पावसाळा सरला की हेच प्रश्न येतात. रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा आलाय आणि दुकानदाराने इमिडा (इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक) दिलंय, मारू का? दुसरा, कुंडीतल्या हळदीकुंकवाची पानं काळ्या-पिवळ्या पट्ट्याच्या अळ्यांनी खाल्ली, काय फवारू? तिसरा, रुईच्या लागवडीला अनुदान मिळतं का?

आधी माव्याचं. इमिडा मारू नका. थायामेथोक्झाम नको, डायमेथोएट पण नको. ही आंतरप्रवाही औषधं आहेत, म्हणजे झाडाच्या रसात शिरतात आणि पानात राहतात, मग मावा मरतो तसं त्या पानावर नंतर आलेलं फुलपाखराचं पिल्लू पण मरतं. दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही, त्याला बाटली विकायचीय. शेतात दहा लिटरच्या पंपाला चार-पाच मिली लागणारं औषध लोक घरी लिटरभर पाण्यात झाकणभर ओततात आणि वर तेच रुईचं पान शनिवारी मारुतीला माळ करायला तोडतात, लहान पोरं ओवतात ती माळ! यवतमाळात 2017 ला फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरू नका.

मग करायचं काय? पाणी. सकाळी पाइपला बोट लावून जोरात धार करा, शेंडा दुसऱ्या हातात धरा आणि पानाच्या खालून मारा. पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. पण एकदा मारून गप्प बसू नका, हा मावा नराशिवायच थेट पिल्लं देतो म्हणून चार दिवसांनी परत मारा, आणि परत. फारच भरलेला शेंडा असेल तर कापून टाका, खालून नवीन फूट येते आणि अळ्यांना कोवळी पानंच आवडतात. धार मारायच्या आधी पानाची खालची बाजू बघायची, फिकट पांढरं एकटं अंडं असेल तर ते पान सोडायचं. फुगलेला तपकिरी मावा दिसला तर त्याला हात लावू नका, त्याच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू आहे, ते तुमचंच काम करतंय. मावा खाणारे ढालकिडे असतील तर आणखी चांगलं.

निंबोळी अर्क तरी चालेल ना, असं हमखास विचारतात. नाही. कडुनिंब अळीला पण मारतो, नैसर्गिक आहे म्हणून बिनधास्त नाही. साबणाचं पाणी पण अळ्या असताना नको.

आता त्या अळ्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि अंगावर शिंगांसारख्या तीन जोड्या असतील तर ती प्लेन टायगर फुलपाखराची अळी आहे, कीड नाही. पानं खाणार, झाड बोडकं होणार, मग परत फुटणार. त्यासाठीच तर झाड लावायचं. एकाच कुंडीत गर्दी झाली तर दुसरं झाड तयार ठेवा. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा टोळ मात्र सकाळी थंडीत हातमोजे घालून वेचा, तो पकडला की घाण रस फेकतो.

मावा दरवर्षी येत असेल तर युरिया टाकताय का ते बघा. युरियाने शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच बसतो. शेणखत मूठभर पुरे. रुई जमिनीतच लावा, मूळ खोल जातं, कुंडीत रडत राहते. हळदीकुंकू बारा इंची कुंडीत येतं, ऊन पूर्ण, पाणी वरची माती सुकल्यावरच. ते मूळचं अमेरिकेकडचं आहे, बी वाऱ्यावर उडतं, म्हणून शेंगा तडकायच्या आत काढा.

अनुदान नाही. भाऊसाहेब फुंडकर योजना फळझाडांची आहे, रुई त्यात बसत नाही, त्यामुळे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शोधण्यात वेळ घालवू नका.

छाटणी करताना चष्मा घाला. चीक डोळ्यात गेला तर कधी दुखत पण नाही पण दिसायला अंधुक होतं, लोक थांबून राहतात. थांबू नका, भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.