एखादा देश युद्ध न करता दुसऱ्या देशाला निर्णय बदलायला कसं भाग पाडतो?

यात दोन गोष्टी आहेत. अमेरिकेसारखा देश सैन्य न पाठवता दुसऱ्याला वाकवतो म्हणजे नेमकं काय करतो, ही एक. आणि ते जर इतकं सोपं असेल तर क्युबा, इराण अजून ताठ कसे, ही दुसरी. मला दुसरी जास्त मोलाची वाटते, कारण पहिलीचं उत्तर तिच्यातच आहे. पैशाचा फास शत्रूपेक्षा मित्राच्या गळ्याला लवकर बसतो. 

सगळ्यात स्वच्छ उदाहरण 1956 च्या सुएझचं. जुलैमध्ये अमेरिकेने आणि पाठोपाठ ब्रिटनने इजिप्तला आस्वान धरणासाठी देऊ केलेला पैसा मागे घेतला. आठवड्याभरात, 26 जुलैला, इजिप्तचा अध्यक्ष नासेरने सुएझ कालव्याच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. (त्याच महिन्यात आपले चिंतामणराव देशमुख मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडत होते. मराठी वर्तमानपत्रांत नासेरच्या वाट्याला किती जागा आली असेल, कल्पना करा.) ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप बेत आखला. इस्रायलने सिनाईत घुसायचं आणि मग या दोघांनी भांडण सोडवायला आल्याचं सोंग करून कालवा ताब्यात घ्यायचा. 29 ऑक्टोबरला इस्रायल घुसला, 5 नोव्हेंबरला पोर्ट सईदवर छत्रीधारी सैनिक उतरले. लष्कराच्या बाजूने सगळं ठीक चाललं होतं.

बिघडलं ते लंडनच्या अर्थखात्यात. पौंडाचा भाव तेव्हा 2.80 डॉलरला बांधलेला होता, आणि तो टिकवायचा तर बँक ऑफ इंग्लंडला स्वतःचे डॉलर विकून पौंड विकत घ्यावे लागत. गंगाजळी दोन अब्ज डॉलरच्या खाली गेली की धोका, असा त्यांचा हिशेब होता. सप्टेंबरात 5.7 कोटी डॉलर गेले, ऑक्टोबरात 8.4 कोटी आणि एकट्या नोव्हेंबरात जवळपास 28 कोटी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून उचल घ्यावी म्हटलं तर तिथे अमेरिकेच्या होकाराशिवाय पान हलत नाही, आणि अमेरिकेचं म्हणणं एकच होतं: आधी युद्ध थांबवा. तेलाचंही तेच. इजिप्तने जहाजं बुडवून कालवा बंद केला होता, सीरियातली पाइपलाइन उडवली गेली होती, सौदीने तेल तोडलं होतं. ही तूट अमेरिका भरून काढू शकत होती. तिने काढली नाही.

6 नोव्हेंबरला, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर दुसऱ्यांदा निवडून आले त्याच दिवशी, ब्रिटनने शस्त्रसंधी मान्य केली. सैन्य तोवर कालव्याच्या काठाने जेमतेम 37 किलोमीटर पुढे गेलं होतं. ब्रिटनचे अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन हल्ल्याच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणारे, आणि आता माघारीसाठीही तेच पुढे. पौंडाच्या पडझडीचा जो आकडा त्यांनी मंत्रिमंडळापुढे ठेवला तो बराच फुगवलेला होता, हे नंतर बाहेर आलं. डिसेंबरात माघारीचा शब्द दिल्यावर लगेच नाणेनिधीने सुमारे 1.3 अब्ज डॉलर मंजूर केले. जानेवारी 1957 मध्ये पंतप्रधान ईडन गेले आणि त्यांच्या जागी आले कोण, तर मॅकमिलन.

आता नासेरकडे बघा. त्याचीही लंडन-न्यूयॉर्कमधली खाती त्याच उन्हाळ्यात गोठवली होती. तो हलला नाही. धरण पुढे सोव्हिएत पैशावर बांधून झालं. ब्रिटनला मात्र जाण्यासारखं दुसरं दार नव्हतं. त्याचं चलन, तेल, कर्ज, अण्वस्त्रांची स्वप्नं, सगळं वॉशिंग्टनशी बांधलेलं. दोस्ती जेवढी दाट तेवढी पकड घट्ट, हा हिशेब तिथे दिसतो.

आपणही त्यातून गेलोय. 1965 आणि 66 असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले तेव्हा भारताचं रेशन पीएल-480 या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर चाललं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी अनेक वर्षांचे करार बंद केले आणि गहू थोडा थोडा, स्वतःच्या मंजुरीने सोडायला सुरुवात केली. शेतीकडे लक्ष द्या हा एक आग्रह होता, आणि व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर दिल्ली टीका करते याचा रागही होता. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. त्यामागे जागतिक बँक आणि मदत देणाऱ्या देशांचा रेटा होता. दिलेल्या शब्दाएवढी मदत मात्र आली नाही. त्याच वर्षी सरकारने मेक्सिकोतून जास्त पीक देणाऱ्या बुटक्या गव्हाचं 18,000 टन बियाणं आणलं. हरितक्रांतीचा इतिहास आपण शास्त्रज्ञांचा म्हणून वाचतो आणि तो आहेच, पण त्या घाईमागे हा अपमान होता, असं माझं मत आहे.

हल्लीची पद्धत जास्त सफाईदार आहे. मी मुंबईत एका बँकेच्या आयात-निर्यात विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून हा भाग जरा जवळून माहीत आहे. जळगावचा माणूस नैरोबीला माल पाठवतो आणि बिल डॉलरमध्ये करतो, तेव्हा ते पैसे साधारणपणे न्यूयॉर्कमधल्या बँकांच्या खात्यांतून फिरून येतात. तिथे अमेरिकी कायदा लागू. म्हणून प्रत्येक व्यवहारात जहाजाचं नाव, मालकाचं नाव, बंदर, सगळं अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीशी, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे त्यांच्या यादीशी, ताडून बघतात. यादीतल्या जहाजाच्या नावाशी नुसतं साम्य निघालं म्हणून सरळ धंदा करणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेले मी पाहिलेत. तो बिचारा काउंटरवर विचारायचा, "साहेब, माल माझा, गिऱ्हाईक माझं, मग परवानगी अमेरिकेची कशाला?" समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं.

2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण, क्युबासाठी डॉलरचे व्यवहार केले म्हणून अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि जवळपास नऊ अब्ज डॉलर भरले. बँक फ्रेंच, गिऱ्हाइकं परदेशी, पण डॉलर न्यूयॉर्कमधून गेले होते. त्यानंतर निर्बंधांची यादी पाळायला युरोपातल्या बँकांना निराळं सांगावं लागलं नाही.

भारत आणि इराणचंही तसंच. 2012 पासून आपण इराणच्या तेलाचे काही पैसे युको बँकेतल्या खात्यात रुपयांत भरत होतो आणि इराण त्यातून आपल्याकडचा बासमती, चहा, सोयापेंड घ्यायचा. दोघांच्याही सोयीचं होतं. 2018 मध्ये ट्रम्प इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडले आणि अमेरिकेचे निर्बंध परत आले. आपल्याला काही महिन्यांची सवलत मिळाली, ती मे 2019 मध्ये संपली आणि भारताने इराणी तेल घेणं बंद केलं. संयुक्त राष्ट्रांची बंदी नव्हती, आपल्या संसदेने काही ठरवलं नव्हतं. पण रिफायनऱ्या, विमा कंपन्या, बँका यांतल्या कोणालाही डॉलरचं दार बंद झालेलं परवडणार नव्हतं. इराणचा अणुकार्यक्रम काही त्यामुळे थांबला नाही. इराण तेल चीनला विकत राहिला. रशियाचे तर 2022 मध्ये अमेरिका-युरोपने 300 अब्ज डॉलरच्या आसपास गोठवले, तरी युक्रेनवरचं युद्ध त्यामुळे थांबलं नाही.

म्हणून क्युबा ताठ कसा, तर त्याच्याकडे तोडण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. 1962 पासून अमेरिकेने जवळपास सगळं तोडलेलंच आहे. लोकांचे हाल होतात, सरकार टिकतं. फासाची भीती फक्त ज्याचे व्यवहार चालू आहेत त्याला.

भारताच्या हातात असं काही आहे का, हा प्रश्न शेवटी उरतो. आहे, आणि आपण ते बहुतेक वेळा नकळत वापरतो. सप्टेंबर 2019 च्या शेवटी देशात भाव भडकले म्हणून केंद्राने कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. बांगलादेशला शिक्षा करायचा विचार कोणाच्याही मनात नव्हता, पण सगळ्यात आधी घाव तिथेच बसला. ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा, स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगितलंय, असं त्यांनी भर सभेत हसत हसत सुनावलं. निदान आधी कळवत जा, हा त्यांचा मुद्दा होता. ढाक्याने म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्तचा कांदा मागवला आणि पुढे स्वतःची लागवड वाढवायला घेतली. इकडे नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला तो वेगळाच.