पुलाच्या काँक्रीटमधली तार तुटली, तर बाहेरून आवाजावरून कळतं का?

हो, कळतं. ताणून बसवलेली पोलादी तार तुटते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा एका झटक्यात सुटते आणि तिची लहर काँक्रीटमधून पसरते. पुलाला चिकटवलेले पिझोइलेक्ट्रिक सेन्सर, म्हणजे कंपनाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारे सेन्सर, ती टिपतात. काँक्रीटमध्ये ही लहर सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने जाते, म्हणजे मीटरभर जास्त लांब असलेल्या सेन्सरला पाव मिलिसेकंद उशिरा पोहोचते. एवढ्या फरकावरून तार कुठे तुटली ते काढता येतं.

लंडनचा हॅमरस्मिथ उड्डाणपूल घ्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्याबरोबर झिरपून आतल्या तारा गंजल्या. तिथे असे सेन्सर लावले होते. पुढे तपासणीत तारांची अवस्था पाहून डिसेंबर २०११ मध्ये पूल बंद करावा लागला.

पण सेन्सर बसवण्याआधी तुटलेल्या तारांबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही. म्हणून माझं ठाम मत, सेन्सर पूल धडधाकट असतानाच लावावेत. वाहनांचा खडखडाट आणि पावसाचा आवाज गाळून तारेचा आवाज ओळखायला मात्र अनुभवी माणूसच हवा.