विमान मुंबईहून, स्वॅब सोलापुरात : कोविडच्या प्रवास-नियमांवर वाचकांचे प्रश्न (जानेवारी २०२२; खालचे प्रवासाचे नियम तेव्हाचे आहेत, आता लागू नाहीत)

अक्कलकोट रोडवर आमचा टॉवेलचा कारखाना आहे. गुरुवारी पहाटे ४ ला मुंबईहून दुबईचं विमान आहे. सोलापुरातला आरटी-पीसीआर (कोविड चाचणीचा रिपोर्ट) चालेल का?

चालेल, पण दुबईसाठीची ४८ तासांची मुदत स्वॅब (नाकाघशातला नमुना) दिल्यापासून विमान सुटेपर्यंत मोजतात, रिपोर्ट हाती आल्यापासून नाही. इथेच बरेच जण फसतात. सोमवारी संध्याकाळी स्वॅब देऊन मोकळे झालात, तर तो रिपोर्ट बाद. मंगळवारी सकाळी १० ला दिला, तर विमान सुटताना ४२ तास होतात. त्याच रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, म्हणजे लॅबने संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्यायला हवा. तशी खात्री देत नसेल, तर बुधवारी सकाळी मुंबईत उतरून तिथेच तातडीची चाचणी करा. मी तेच सुचवेन. रिपोर्टवर क्यूआर कोड हवा आणि नाव पासपोर्टवरच्यासारखंच हवं. याशिवाय विमान सुटण्याआधीच्या ६ तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करावी लागते. ती सोलापुरात करून उपयोग नाही. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून तेव्हा प्रवासी विमानं उडतच नव्हती!

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचंय. डिसेंबरात कोविड झाला होता. आता ठणठणीत आहे, तरी आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच येतेय.

ताई, घाबरू नका. विषाणूचे मेलेले तुकडे नाकाघशात काही आठवडे राहतात आणि ही चाचणी तेही टिपते. अमेरिका अशा वेळी ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र मान्य करते. त्यामुळे डिसेंबरचा कागद जपून ठेवा. तिथे अँटिजेन चाचणीही चालते, आणि ती बहुधा लवकर निगेटिव्ह होते. ती विमानाच्या आदल्या दिवशी कितीही वाजता केलेली चालते. तास मोजत बसू नका. वाटेत विमान बदलणार असाल, तर त्या देशाचे नियम एअरलाइनला विचारा.

लसीच्या प्रमाणपत्रावर जन्माचं फक्त वर्ष आहे.

परदेशी जाणाऱ्यांना कोविनवर (सरकारच्या लसीकरण पोर्टलवर) पूर्ण जन्मतारीख घालता येते. घालून नवी प्रिंट काढा.

लेक चार वर्षांच्या नातवाला घेऊन लंडनहून येतेय. त्याला लगेच हुरड्याला शेतावर न्यायचंय.

पाच वर्षांखालच्या मुलाला लक्षणं नसतील तर चाचणी नाही. लेकीला मात्र निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतला रिपोर्ट परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या सरकारी एअर सुविधा पोर्टलवर टाकावा लागेल. ब्रिटन भारताच्या जोखमीच्या देशांच्या यादीत असल्याने मुंबईत उतरल्यावर पुन्हा स्वॅब, आणि निकाल येईपर्यंत तिथेच थांबणं. निगेटिव्ह आली तरी सात दिवस घरात, आठव्या दिवशी परत आरटी-पीसीआर. ती सोलापुरात होते. तोही रिपोर्ट एअर सुविधावर टाकायचा. हुरड्याचा बेत त्यानंतरच्या आठवड्यात ठेवा, आणि आजोबांचे दोन्ही डोस झालेत ना, तेवढं बघा.