‘अंकीय’मधला आकडा

प्रश्न आला आहे तो असा : ‘डिजिटल साक्षरता’ला मराठीत ‘अंकीय साक्षरता’ म्हणावे की ‘अंकसाक्षरता’?

‘अंकसाक्षरता’ नको. कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला त्यात बेरीज-वजाबाकीच ऐकू येईल. ‘साक्षर’ काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण हल्ली तो शब्द फार स्वस्त झालाय. “आई आता डिजिटल साक्षर झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे फोटो पाठवते!” हे ऐकले की माझे डोके फिरते. अहो, हे नुसते अक्षर गिरवणे झाले. वाचणे अजून कुठे आलेय?

आता ‘डिजिट’. लॅटिन ‘दिगितुस’ म्हणजे बोट. बोटांवर मोजत, म्हणून संख्याचिन्हालाही तेच नाव पडले. इथवर ठीक. पण काही व्युत्पत्तिकार ‘दाखवते ते बोट’ असे म्हणून त्याला आपल्या ‘दिश्’ धातूच्या दावणीला बांधतात. ‘दिश्’चे लॅटिनमधले भावंड ‘दीको’, म्हणजे ‘मी सांगतो’. त्यात ‘क’ आहे, ‘दिगितुस’मध्ये ‘ग’. तो ‘ग’ कुठून आला हे कोणी पटवून देईपर्यंत मला ही सोयरीक मान्य नाही.

खरी मौज आपल्या ‘अंक’मध्ये आहे. संस्कृतात अंक म्हणजे बाक, म्हणून आकडी. बसल्यावर अंगाला बाक पडतो, म्हणून मांडी. शिवाय खूण, आणि त्यावरून संख्येचे चिन्ह. अंकुश याच घरातला. लॅटिनचा ‘उंकुस’ही याच गोत्राचा, त्याचा अर्थ सरळ हूक. आकडीवरून खुणेपर्यंत शब्द कसा आला? माझा तर्क असा, की आकडीच्या टोकाने ओरखडा काढला की खूण उमटते. कोशकार ‘वाकडी रेघ ती खूण’ एवढ्यावर थांबतात, ते मला फार कोरडे वाटते. मराठीने तर हूक आणि संख्या हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात जपले : आकडा. पाटीवर लिहितो तो आकडा, आणि विजेच्या तारेवर चोरून टाकतात तोही आकडाच! बोटावरून आलेल्या ‘डिजिट’मध्ये हे कुठले सापडायला?

ओळखीच्या एका काकूंनी जुने कपाट विकायला काढले. फोनवरचे गिऱ्हाईक म्हणाले, “पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” काकूंनी टाकला आणि खात्यातून १२,००० रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. काकू एम. ए. आहेत, फोन झरझर चालवतात. पडद्यावरचा १२,००० हा आकडा त्यांनी नीट वाचला होता. समोरच्याने टाकलेला आकडा मात्र त्यांना दिसला नाही. म्हणून माझे मत ‘अंकीय साक्षरता’ला, आणि तिच्यात हा दुसरा आकडा ओळखणे आलेच पाहिजे.

सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर ताबडतोब करायची असते. काकूंना तो आकडा कळला तिसऱ्या दिवशी.