'तोंड येणं' म्हणजे नक्की काय येतं?

नेरूळच्या एका ताईंनी विचारलंय, सासूबाईंना महिनाभर अँटिबायोटिक चालू होतं, तोंडात पांढरे चट्टे आले, घरचे म्हणाले तोंड आलंय आणि डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, मग 'तोंड आलंय' म्हणणं चूक का?

अजिबात नाही हो ताई. पुरळ येतं, मोहोर येतो, लोणच्याला बुरशी येते, तेच हे येणं. गंमत एवढीच की एरवी जे उगवतं ते येतं आणि इथे अख्खा अवयवच येतो, तोंड नाहीतर डोळे. घसा बसतो, नाक चोंदतं, कान फुटतो, पण 'कान आलाय' असं निदान आमच्या ठाण्यात तरी मी ऐकलेलं नाही.

फक्त हा शब्द दुखणं सांगतो, कारण नाही. परवा नौपाड्यात मेडिकलवर एक काका म्हणाले "तोंड आलंय, काहीतरी द्या", दुकानदाराने तोंडाकडे न बघताच बी कॉम्प्लेक्सची स्ट्रिप पुढे सरकवली. आता तिखटाने सोललेलं तोंडही आलेलंच आणि सासूबाईंचंही आलेलंच, पण त्यांना त्या गोळ्यांनी काय होणार!

त्यांची बुरशी, म्हणजे कँडिडा, बहुतेक वेळा बाहेरून आलेली नसतेच, पुष्कळांच्या तोंडात ती आधीपासून गुपचूप पडून असते. माणसांच्या तोंडात मिळून ७०० च्या वर जातींचे जिवाणू सापडलेत, त्यांच्या गर्दीत तिला हातपाय पसरायला जागा नसते. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, बुरशीला हातही लावत नाही, मग काय, प्लॉट मोकळा दिसला की आपल्याकडे रातोरात टपरी उभी राहते तसंच. आपण सगळ्यांनाच 'जंतू' म्हणतो ना, म्हणून 'जंतूंचं औषध घेऊन जंतू वाढले कसे' असं कोडं पडतं, जिवाणू आणि बुरशी वेगळं म्हटलं की कोडं राहतच नाही.

खरं चुकीचं बोलतो ते अँटिबायोटिक लागू पडेनासं झालं की 'शरीराला औषधाची सवय झाली' हे. सवय शरीराला नाही, जिवाणूंना होते. रुमॅटिक फीवरमुळे, म्हणजे हृदयाच्या झडपा बिघडवू शकणाऱ्या तापामुळे, वर्षानुवर्षं पेनिसिलिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांच्या तोंडातले स्ट्रेप्टोकोकाय नावाचे जिवाणू त्याला निर्ढावलेले असू शकतात, म्हणून दात काढताना हे जिवाणू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसू नयेत यासाठी आधी अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर डॉक्टर दुसऱ्या गटातलं निवडतात. याला आपल्याकडे 'सवय'पेक्षा कितीतरी चपखल शब्द आहे, जंतू औषधाला दाद देत नाहीत.