कंपनी सरकारचं पिस्तूल असली की नकली, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, ईस्ट इंडिया कंपनीचं चकमकीचं, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडणारं पिस्तूल ४० हजाराला मिळतंय, बाजूच्या पत्र्यावर पत्त्यातल्या बदामाचा छाप आणि १८५७ साल आहे, घ्यावं का. नका घेऊ. फोटोही पाठवू नका.

बदामात कंपनीची अक्षरं हा छाप १८०८ च्या सुमारास गेला, त्यानंतर मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. आणि १८४० नंतर कंपनी हळूहळू चकमक सोडून टोपीवर गेली, म्हणजे घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या दारूच्या टोपीवर. बदाम, चकमक आणि १८५७ एकत्र म्हणजे शिवराईवर पिनकोड! पण १८५७ कोरलं की गिऱ्हाईक भावूक होतं ना.

एवढं ठामपणे सांगतोय कारण अगदी असंच पिस्तूल आमच्या साडूंच्या हॉलमध्ये टांगलंय. वास्तुशांतीला ते येईल त्याला "झाशीच्या लढाईतलं" म्हणून दाखवत होते, मला काही राहवेना, मी ते खाली काढलं आणि बायकोच्या साडीची पिन रंजकाच्या (ठिणगीने आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूच्या) भोकात घातली तर दोन मिलिमीटरवर अडली, भोक आरपार पाडलेलंच नाही! रंजक पेटली तरी आग नळीत जाणार कुठून? घोडा अर्ध्यावर थांबत नव्हता, दारू ठासायचा गज नळीखाली चिकटवलेला, स्क्रू सगळे एका मापाचे, मशीनचे. साडू म्हणाले, "अहो, सर्टिफिकेट आहे." दिलंय कोणी? विकणाऱ्यानेच, गोल शिक्का मारून. तेव्हापासून सासरी मला "तज्ज्ञ" म्हणतात आणि साडू दिवाळीला माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलतात. मेव्हण्यांपैकी कोणी वाचत असेल तर पिन अजून माझ्याकडे आहे, कधीही या.

गंजाला भुलू नका. अ‍ॅसिडचा गंज सगळीकडे सारखा नारिंगी असतो, खरा काळपट, आणि भोकापाशी बारीक खड्डे पडलेले, कारण दारू तिथेच जळायची.

हां, एक राहिलं, पार्ट बदललेत म्हणून लगेच नकली म्हणू नका, चकमकीची बरीच पिस्तुलं नंतर टोपीवर करून घेतलेली असतात. आणि खरं निघालं तर आधी लायसन्सचं बघा, दुरुस्त करून का होईना पण बार उडू शकत असेल तर नुसतं "अँटिक आहे" म्हणून शस्त्र कायद्यातून सुटका नाही.

साडूंना ती काळजी नाही म्हणा.