जाहिरातीत लिनक्स लिहिलंय, मग मी अर्ज करू की नको?

गेल्या पावसाळ्यात नांदेडची एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी आली. बीसीएस झालेली, जावा बऱ्यापैकी येणारी, पण दोन महिन्यांत एकही अर्ज न पाठवलेली. मोबाइलमधल्या जाहिराती तिने एकामागून एक दाखवल्या. बहुतेकींत एक ओळ होतीच: युनिक्स किंवा लिनक्सचं ज्ञान आवश्यक. दोन्ही विंडोजसारख्याच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणाली. "मॅडम, मी विंडोजशिवाय काही वापरलंच नाही. विषय होता, पण पाठ करून पेपर दिला." वडिलांना वेगळीच काळजी. एका क्लासने चाळीस हजार सांगितले होते, भरायचे का?

पैसे आत्ता भरू नका, हे मी आधी सांगितलं. मग तिला विचारलं, "तुझ्या प्रोजेक्टची वेबसाइट उद्या लोकांसाठी सुरू करायची, तर ती चालणार कुठे?"

"सर्व्हरवर."

तो सर्व्हर म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधला संगणक, आणि त्यावर बहुतेक वेळा लिनक्स असतं. समोर ना पडदा, ना माऊस. एसएसएच या दूरच्या मशिनशी जोडून देणाऱ्या साधनाने आत शिरायचं आणि जे करायचं ते टाइप करून. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. त्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. तो सर्वांना खुला आहे, त्यामुळे हजार मशिनवर टाकला तरी परवान्याचा खर्च नाही. तिच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तोच. हे ऐकून वडिलांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

समुपदेशनात येण्याआधी मी सात वर्षं सर्व्हर सांभाळले आहेत, म्हणून नुसतं बोलून थांबवेना. टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, लिनक्सचाच एक प्रकार. डिस्कचा एक छोटा कप्पा मी फाइलींनी गच्च भरला आणि तिथे लिहू पाहणारा एक प्रोग्राम चालवला. तो लगेच बंद पडला. "का बंद पडला, शोध."

ती आयकॉन शोधू लागली. मी 'टेल' ही कमांड सांगितली: लॉगच्या, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलच्या, शेवटच्या ओळी दाखवते. तिने ओळ मोठ्याने वाचली, जागा शिल्लक नाही. मग 'डीएफ': कुठला कप्पा किती भरलाय. शंभर टक्के. मग 'डीयू': कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली. तिने फाइली उडवल्या, प्रोग्राम पुन्हा चालवला, तो चालला. वीस मिनिटं लागली असतील.

"एवढंच विचारतात?" तिचा आवाज बदलला होता.

नवख्याला बहुतेक ठिकाणी एवढंच हवं असतं: फोल्डरमधून फिरता येणं, लॉगमधली चूक 'ग्रेप'ने शोधणं, फाइल वाचायची-बदलायची परवानगी कुणाला आहे ते कळणं. सर्व्हर सांभाळण्याचीच नोकरी असेल तर मात्र बरंच जास्त लागतं, आणि तेही मी तिच्यापासून लपवलं नाही.

तिच्या विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल सुरू करून दिलं, म्हणजे लिनक्स तिथेच चालतं. रोज एक तास, महिनाभर, आपलाच प्रोजेक्ट त्यावर चालवायचा. बायोडेटात 'लिनक्स: प्राथमिक वापर' असं खरं तेच लिहायचं आणि अर्ज महिना संपायची वाट न पाहता पाठवायचे.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, चार अर्ज गेले. पण आत्ता परमिशन डिनाइड येतंय."

"फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघितलंस?"

"थांबा, बघते," म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच टाइप करू लागली.